पडद्यावरची धोंडाबाई

मोतीरामभाऊंइतका सावकाश माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि फुलांच्या दुकानात बसून मी काही कमी माणसं पाहिलेली नाहीत. पंचवटीत, दिंडोरी नाक्याच्या अलीकडे माझं हारांचं दुकान आणि त्याला लागून त्यांचा फोटो स्टुडिओ. मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडे कोणी शिंकलं तर माझ्याकडच्या गिऱ्हाइकाला अपशकुन व्हायचा. माझ्याकडे हाराला जरा वेळ लागला तरी लोक पाय आपटतात. भाऊंकडे दाढी करून फोटोला बसलेल्या माणसाला उठेपर्यंत पुन्हा खुंट फुटतात, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायची. ते हसायचे. रागवायला जी घाई लागते, तीही त्यांच्याकडे नव्हती.

आमची दोन्ही घरं मखमलाबादकडची, माळ्यांची. फुलं आणि भाजी पिकवणाऱ्या घरात घाई पाळण्यातच शिकवतात. ऊन चढायच्या आत माल बाजारात पोचला नाही, तर संध्याकाळी तो गाईपुढे टाकायचा. अशा घरात हा प्राणी जन्मला. त्यांचे वडील म्हणायचे, आमच्या मोतीरामला कोवळ्या काकड्या तोडायला धाडलं की तो बियाण्याच्या घेऊन येतो. शेवटी कंटाळून त्यांनी मुलाला शहरात एका फोटोवाल्याच्या हाताखाली बसवलं. तिथे अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली कागदावर माणूस उमटायची वाट बघत उभं राहायचं असतं. भाऊंना ते काम मानवलं. नव्वद सालच्या आसपास त्यांनी आमच्या शेजारी स्वतःचं दुकान टाकलं.

तोवर ते नुसते सावकाश होते. भित्रे नंतर झाले. आडगावला एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी रोल संपला. रोल संपला की तो आधी उलटा गुंडाळून डबीत घ्यायचा आणि मगच कॅमेऱ्याचं झाकण उघडायचं, हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. पण भटजी थांबेनात, नवऱ्यामुलाचे मामा मागून ढोसत होते, आणि त्या गडबडीत भाऊंनी झाकण आधी उघडलं. वर दुपारचं ऊन. सगळा रोल जळाला. मुलीची आई मालनबाई कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती बाजाराला पंचवटीत आली की स्टुडिओच्या पायरीशी उभी राहायची आणि विचारायची, "तो रोल सापडला का हो भाऊ?" रोल हरवला नाही, जळाला, हे भाऊंनी तिला नीट समजावून सांगितलं होतं. ती मान डोलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. भाऊ पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

पुढे रोल गेले, कॉम्प्युटर आला. मग पेन ड्राइव्ह नावाची ती करंगळीएवढी कांडी आली आणि भाऊंच्या भीतीला नवं घर मिळालं. दुकानात त्यांनी पाटी लावली: 'पेन ड्राइव्ह आपल्या हाताने काढू नये.' देवळात 'नारळ आत फोडू नये' लिहितात ना, तशीच, लाल अक्षरात. काढायचा तो फक्त त्यांनी. पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, हिरव्या बाणाचं एक बारीक चित्र असायचं. त्यावर टिचकी मारायची, कोणती वस्तू काढायची ते सांगायचं आणि आता काढलंत तरी चालेल अशा अर्थाची इंग्रजी पट्टी येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं. पट्टी आली तरी हे कांडीवरचा दिवा विझला का ते वाकून बघायचे. मी म्हणायची, भाऊ, आमच्या गणपतीची उत्तरपूजा यापेक्षा लवकर आटपते, आता हातावर दही तेवढं ठेवायचं राहिलं.

एकदा त्यांनी मला त्यातलं मर्म सांगितलं. कॉम्प्युटर 'झालं' म्हणतो तेव्हा सगळं झालेलं असतंच असं नाही. थोडं त्याने हातात राखून ठेवलेलं असतं, ते तो मागाहून लिहितो. लिहिताना कांडी उपसली तर नुसतं तेवढंच जात नाही, आधीचं सगळं कुठे ठेवलंय त्याचा पत्ताही पुसला जातो. "आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, सुवर्णाताई. म्हणून विचारून काढायचं," ते म्हणाले. मला पटलं, पण मी तसं म्हटलं नाही. शेजाऱ्याला फार डोक्यावर बसवू नये.

ती दुपार वैशाखातली. त्या वर्षांत लोडशेडिंग होतं. आमच्या भागाची वीज दुपारी जायची आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर यायची. जायच्या आधी जो तो हातातलं काम उरकायच्या मागे असायचा, म्हणजे भाऊ सोडून. मी शेवंतीवर पाणी मारत होते. तेवढ्यात एक माणूस रस्ता ओलांडून धावत आला. नुकताच गोटा केलेला, डोकं उन्हाने लाल झालेलं, अंगावरचा सदरा उलटा. स्टुडिओच्या पायरीवर त्याला ठेच लागली, तरी तो थांबला नाही.

"माझी आई हरवली," तो म्हणाला. "पोलीस म्हणत्यात, फोटो आणा. फोटो काढून द्या दादा."

मी पाण्याचा डबा तसाच ठेवून पलीकडे गेले. त्याचं नाव गेणू. घोटीजवळच्या खेड्यातला शेतकरी. भात पिकवायचा आणि उन्हाळ्यात विहिरीवर थोडी भाजी. चुलता गेला होता, त्याच्या दहाव्याला सगळे रामकुंडावर आले होते. आई धोंडाबाई सत्तरीची. वर्षभरापासून तिला काही आठवेनासं झालं होतं. चहात मीठ घालायची, सुनेला नणंदेच्या नावाने हाक मारायची. घरी तिला एकटं सोडत नव्हते. सकाळी घाटावर गेणू न्हाव्यापुढे मान खाली घालून बसला होता, त्याची बायको कुसाबाई पाणी भरायला वाकली होती. मान वर केली तर पायरीवर आई नव्हती. तेव्हापासून तो अनवाणी हिंडत होता. कुसाबाईला त्याने त्याच पायरीवर बसवून ठेवलं होतं, आई फिरून तिथे आली तर म्हणून. "तिच्या पायात बी कायी नाय," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. रस्त्यावरचं डांबर त्या दिवशी चपलेला चिकटत होतं.

आईचा फोटो मात्र त्याच्या खिशातच होता. रुमालात गुंडाळलेला एक पेन ड्राइव्ह. मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं, घोटीच्या फोटोवाल्याने सगळे फोटो त्यावर घालून दिले होते, आणि नाशकात जातोच आहे तर अल्बमही टाकून येऊ म्हणून गेणूने तो बरोबर आणला होता. घोटीवाल्याने आपलं कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरलं होतं. म्हणजे जे होतं ते या कांडीत. दुसरीकडे धोंडाबाई कागदावर कुठेच नव्हती.

भाऊंनी कांडी लावली. त्यांची रीत अशी की लावलेला माल आधी सगळा आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, मग उघडून बघायचा. त्यांनी उतरवायला घेतला. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकायला लागली, पण सरकते आहे की नाही तेच कळेना. लग्नाचे शेकडो फोटो आणि ते जुनं यंत्र. गेणू पट्टीकडे बघत उभा होता आणि त्याच्या तोंडातून एक बारीक आवाज येत होता, तो त्याचा त्याला कळत नसावा. भाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. वीज जायची वेळ होत आली होती. त्यांनी गेणूकडे पाहिलं. आणि मग इतक्या वर्षांत जे कधी केलं नाही ते केलं. उतरवणं मधेच थांबवलं आणि कांडीतूनच फोटो उघडायला लागले.

मला तेव्हा बरंच वाटलं. म्हटलं, आला एकदाचा माणसांत.

फोटोमागून फोटो जात होते. हळद, वरात, वरमाला, जेवणाच्या पंगती, व्याह्यांच्या गळाभेटी. धोंडाबाई कुठेच नाही. लग्नघरात म्हातारीला कोपऱ्यात बसवतात आणि कॅमेरा मांडवभर फिरतो. एका फोटोत तिची पाठ निघाली. एकात नुसतं लुगड्याचं टोक, ते गेणूने ओळखलं. "ही नाय. ही बी नाय. म्होरं घ्या," तो म्हणत होता आणि भाऊंचं बोट कधी नव्हे ते भराभर चालत होतं. शेवटी आहेर देतानाच्या एका फोटोत, नवरानवरीच्या मागे, मांडवाच्या खांबाला टेकून ती बसलेली सापडली. सगळे एकमेकांकडे बघत होते. ती एकटी सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती.

भाऊंनी तिचा चेहरा मोठा केला. कपाळावर गोंदण, हनुवटीवर तीन ठिपके. डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक. डाव्या कानाची पाळी फाटून तिचे दोन तुकडे झालेले.

गेणू वाकून बघत राहिला. "कान कवा तुटला तिचा?" त्याने विचारलं.

जुना आहे, बऱ्याच वर्षांचा असेल, भाऊ म्हणाले. माझ्या आईचा कोणता डोळा बारीक होता, ते मी आठवून पाहिलं.

भाऊंकडे छपाईचं यंत्र नव्हतं. फोटो पेन ड्राइव्हवर घालून रविवार कारंजाजवळच्या कलर लॅबला न्यावा लागे. लॅबला जनरेटर होता, मी तिथे फोन करून ठेवला. भाऊंनी चेहरा तेवढा कापून घेतला, थोडा उजळला. सवयीने त्यांचा हात डाग पुसायच्या खुणेकडे गेला, कारण आयुष्यभर त्यांनी लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण आणि गोंदणं पुसली होती. मग हात मागे आला. त्यांनी फोटो कांडीवर साठवायला टाकला. कांडीवरचा दिवा लुकलुकू लागला.

आणि ट्यूब फडफडली. पंखा मंद झाला, उजेड पिवळा पडला, टेबलाखालच्या बॅटरीने पीं पीं सुरू केलं. गेणूचा हात पुढे आला. मी पाहिलं, पण तोंड उघडेपर्यंत त्याने कांडी उपसून दोन्ही तळव्यांत घट्ट धरलीसुद्धा.

वीज गेली. बॅटरीवर पडदा तेवढा चालू राहिला.

"लाइट डीम झाली म्हनून काढली," गेणू म्हणाला. "जळंल म्हटलं. माझी दोनदा मोटर जळाली अशीच." त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच जरा समाधान दिसत होतं. खेड्यात वीज अशी आचके द्यायला लागली की शेतकरी हातातलं टाकून आधी पंपाकडे पळतो. जो वेळेवर बंद करतो त्याची मोटर वाचते. हा माणूस आपली आई वाचवायला धावला होता. मला त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं आणि त्याच वेळी पाठीवरून हातही फिरवावासा वाटला.

भाऊंनी त्याच्या तळव्यांतून कांडी सोडवून घेतली. त्यांनी कांडी परत लावली. दिवा लागला नाही. त्यांनी माऊस हलवला, पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही. कळा दाबल्या, काही नाही. सगळं गोठलं होतं. पडद्याच्या मधोमध धोंडाबाई तेवढी आमच्याकडे बघत होती, आणि खाली ती बॅटरी वाजत होती. बॅटरी जुनी. पाव तासदेखील तग धरायची नाही, हे मला भिंतीपलीकडून रोज ऐकून माहीत होतं.

भाऊंचा डिजिटल कॅमेरा त्यांचा धाकटा भाऊ शेखर घेऊन गेला होता, सिन्नरला एका लग्नाला. जुना रोलचा कॅमेरा कपाटात होता, पण त्यात घालायला रोल नव्हता. रोल आता कोण ठेवतो. नाक्यावरच्या एका रिक्षावाल्याकडे कॅमेऱ्याचा मोबाइल होता, त्याला मी ओढून आणलं. त्याने पडद्याचा फोटो काढला तर नुसते आडवे काळे पट्टे आणि मधे धुरकट डाग. पुन्हा काढला, पुन्हा तेच. गेणूला आता कळलं होतं. तो खाली बसला आणि त्याने आपला उजवा हात डाव्या हाताने मनगटाशी दाबून धरला, जणू तो अजून काही करील.

"चूक माझी आहे," भाऊ म्हणाले. "आधी उतरवून घ्यायला हवं होतं."

एवढं बोलून ते उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, डोळे पुसायला गेले. पण ते सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि ओरडले. या माणसाचा आवाज त्या दिवसापर्यंत आमच्या भिंतीपलीकडेही कधी आला नव्हता. "सगळे इकडे या," ते ओरडत होते. "एक म्हातारी हरवलीय. तिचं तोंड बघून जा. लवकर, तोंड जाईल आता."

पहिल्यांदा लोक नुसते बघत राहिले. मग रिक्षा स्टँडवरचे चारपाच जण आले. मग हारवाल्या बाया, पेढ्याच्या दुकानातले दोघे, चहावाला, आणि सलूनमधून एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून. स्टुडिओ एवढासा, सगळे एकदम घुसले तर कोणालाच दिसेना. तेव्हा मी दारात उभी राहिले. आम्ही पंचवटीचे लोक, दुसरं काही येवो न येवो, मुखदर्शनाची रांग आम्हाला लावता येते. एका दाराने आत, पडद्यापुढे क्षणभर थांबायचं, मधल्या भिंतीतल्या दाराने माझ्या दुकानातून बाहेर. "पुढे चला, मागच्यांना बघू द्या," मी ढकलत होते. भाऊ पडद्याशेजारी पेन्सिल घेऊन उभे होते आणि प्रत्येकाला तेच दाखवत होते, डावा कान बघा, फाटका आहे, हनुवटीवर तीन ठिपके, हा डोळा बारीक. लुगडं हिरवं, पाय अनवाणी. जे पुसण्यात त्यांची हयात गेली ते आज ते लोकांच्या डोळ्यांत भरवत होते. एका म्हाताऱ्या हमालाने पडद्यापुढे येताच सवयीने हात जोडले. कोणी हसलं नाही.

बॅटरीचा आवाज जलद झाला. रिक्षावाले बघून निघाले की कोण कुठे जाणार ते आपसांत ठरवत होते, एक सीबीएसच्या एसटी स्टँडला, एक तपोवनात, एक निमाणीच्या बस स्टॉपला. मी अडवून उभी होते त्या दारातून फकिरा आत आला. तो मालेगावाहून येऊन इथे रिक्षा चालवणारा, एरवी माझ्याशी रोज पार्किंगवरून भांडणारा. तो पडद्यासमोर वाकला, आणि त्याच्यामागच्या बाईने पाऊल आत टाकलं तेवढ्यात टक् असा आवाज होऊन पडदा काळा झाला. बॅटरी गप्प झाली. ती बाई म्हणाली, मी नाही पाहिलं.

मी एका पोराला नव्हे, चांगल्या जाणत्या रिक्षावाल्याला कांडी देऊन लॅबकडे पिटाळलं होतं, तिथे जनरेटरवर कॉम्प्युटर चालू होता. तिथून फोन आला. कांडी कोरी दिसते आहे, आत काही नाही, फॉरमॅट करू का असं विचारते आहे. भाऊंनी सांगितलं, नाही म्हणा, काही करू नका, परत पाठवा. पुढे ती बऱ्याच जणांनी तपासली. लग्नातला एकही फोटो तिच्यातून परत आला नाही.

गेणूला आम्ही घाटावर कुसाबाईकडे धाडलं, काही कळलं तर रिक्षा पाठवू म्हणून. आणि वाट बघत बसलो. वाट बघणं भाऊंना जमतं, मला नाही. मी हार गुंफायला घेतला, दोरा तीनदा तुटला. बाहेर ऊन तसंच पेटलेलं. सत्तरीची बाई, पोटात काही नाही, पाय उघडे, आपलं नाव सांगता येईल याची खात्री नाही. भाऊ काळ्या पडद्यासमोर बसून होते. मी त्यांना रागावले, म्हटलं तिकडे काय बघता, तिथे कोण आहे आता. ते म्हणाले, "पाठ करतोय. विसरायला नको."

मधेच एक रिक्षा करकचून थांबली. मी धावले. आत एक म्हातारी होती, हिरवं लुगडं, गोंदणही होतं, पण कान धडधाकट आणि जीभ त्याहून. ती लेकीकडे निघालेली, तिला या रिक्षावाल्याने रस्त्यातून उचलून आणलं. तिने आम्हा सगळ्यांचा उद्धार केला आणि सरबत पिऊन त्याच रिक्षातून लेकीकडे गेली. एरवी मी आठवडाभर हसले असते. त्या दिवशी मला रडू आलं, आणि ते मी आत जाऊन रडले.

उन्हं कलली तेव्हा फकिरा आला. रिक्षातून उतरला आणि त्याने मागे बोट दाखवलं. मागच्या सीटवर धोंडाबाई बसली होती. मांडीवर मेथीची रास.

दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात ती सापडली होती. भाजीवाल्यांच्या ओळीत बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. तिथल्या यशोदाबाईला वाटलं, ही शेजारणीची कोणी असेल. शेजारणीला वाटलं, यशोदाबाईची असेल. हात सराईत चालत होते, जुड्या एकसारख्या पडत होत्या, मग हरवलेली कोण म्हणेल. दोघींनी मिळून तिला भाकरी आणि चहा दिला होता. फकिरा ओळीतून नुसते कान बघत चालला होता. फाटका कान दिसला तेव्हा थांबला. ती उठेना, जुड्या बांधायच्या राहिल्यात म्हणाली. तेव्हा त्याने उरलेली मेथी विकत न घेता तशीच मागून घेतली आणि तिच्या पदरात घातली.

भाऊंनी तिला खुर्चीवर बसवलं, पायावर पाणी घातलं. तळवे भाजलेले होते. गेणू आणि कुसाबाई आले. गेणू आईच्या पायांवर पडला तो उठेचना. धोंडाबाईने त्याच्या गोट्यावर हात ठेवला, जरा चाचपला, आणि कनवाळूपणे विचारलं, "कोण गेलं रे बाबा तुझ्याकडं?"

"चुलता गेला," तो म्हणाला.

ती चुकचुकली. रडू नको, म्हणाली, सगळ्यांना जायचंच हाय. तो तिचा सख्खा दीर होता. कुसाबाईने पदर तोंडाला लावला.

वीज आली त्याच सुमाराला शेखर सिन्नरहून कॅमेरा घेऊन परतला. भाऊंनी तो त्याच्या गळ्यातून जवळजवळ ओढूनच घेतला. तिथल्या तिथे, मेथी मांडीवर असतानाच, त्यांनी धोंडाबाईचा फोटो काढला. गोंदण, कान, बारीक डोळा, सगळं ठेवून. मग वायरीने कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला आणि फोटो उतरवून घेतला. पुन्हा उघडून पाहिला, दुसरीकडे आणखी एक प्रत ठेवली. गेणूने आपले दोन्ही हात काखेत खुपसून ठेवले होते. भाऊंनी कोपऱ्यातल्या चित्रावर टिचकी मारली, पट्टी येईपर्यंत थांबले, दिवा विझेपर्यंत थांबले, आणि मग वायर काढली. मी एकदाही घाई करा म्हटलं नाही.

मग त्यांनी तो फोटो पडदाभर मोठा केला, लॅबला नेण्याआधी घरच्यांनी एकदा बघावा म्हणून. धोंडाबाई खुर्चीतून पुढे झुकली. जुडी बांधायचे हात थांबले. बराच वेळ ती त्या तोंडाकडे बघत राहिली.

"ही बाई कोण?" तिने गेणूला विचारलं.

गेणूने भाऊंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हरवली होती," तो म्हणाला.

"मग? घावली का?"

"घावली."

"मग इथं काय बसला तिला घिऊन?" धोंडाबाई म्हणाली. "घरी ने तिला. किती दमलीय बिचारी."